दोचुला हा ‘पॉईंट’ नव्हे

महाराष्ट्रातून भूतानच्या सहली नेणाऱ्या सर्व सहल-आयोजकांना आणि टूर मॅनेजरांना,

स. न. वि. वि.

मी साताऱ्याची. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर आठ दिवस भूतानला जाऊन आले. कंपनीचं नाव इथे लिहिणार नाही. एक तर त्यांनी आमचं सगळं फार मायेनं केलं; पारोच्या थंडीत सकाळी सहाला आल्याचा चहा आणि गरम उपमा हातात देणाऱ्याला नावं ठेवणं माझ्याच्यानं होणार नाही. दुसरं म्हणजे, हे पत्र मी वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर जाऊन आलेल्या चार मैत्रिणींना वाचून दाखवलं, तर चौघीही म्हणाल्या, “अगं, हे आमच्याच सहलीचं लिहिलंयस.” म्हणून पत्र सगळ्यांना.

दोचुलापासूनच सुरुवात करते. थिंफूहून पुनाख्याला जाताना साधारण ३,१०० मीटर उंचीवर ही खिंड लागते. बस घाट चढत होती, मागच्या सीटांवर अंताक्षरी रंगली होती. ‘ठ’वर गाडी अडलेली असताना आमच्या टूर मॅनेजरनं माइक हातात घेतला. “मंडळी, आला दोचुला पॉईंट! पंचवीस मिनिटं. वॉशरूम, चहा, ग्रुप फोटो. याच क्रमानं!”

खाली उतरलो तर धुकं. धुक्यात पांढऱ्या भिंतींचे, वर विटकरी पट्टा असलेले चोर्तेन, एकाच्या वर एक अशा तीन रांगांत. चोर्तेन म्हणजे आपला स्तूप. खालच्या रांगेत ४५, मधल्या रांगेत ३६, वरच्या रांगेत २७, मिळून १०८. हे आकडे मी नंतर वाचले. त्या वेळी मोजायला सवड नव्हती, कारण कंपनीचा पिवळा बॅनर उलगडला गेला होता आणि चौतीस जणांना त्यात बसवायचं होतं. मागची रांग उंच दिसावी म्हणून सहा-सात जण चोर्तेनच्या जोत्यावर चढले. त्यात माझे यजमानही होते, लपवत नाही. आमचा भूतानी गाइड, पंचविशीतला मुलगा, हसत म्हणाला, “सर, नीचे से भी अच्छा आएगा.” कुणी उतरलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं नाही. फोटो निघाला, बस सुटली, अंताक्षरी ‘ठ’वरूनच पुढे सुरू झाली.

संध्याकाळी पुनाख्याच्या हॉटेलात जेवण व्हायचं होतं, तेव्हा मी त्याला विचारलं, ते सगळे चोर्तेन कशाचे? शाळेतली खोड, दुसरं काय. आणि त्यानं जे सांगितलं ते ऐकल्यावर मला ताटावर बसवेना.

आसाम आणि उत्तर बंगालमधल्या उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या सशस्त्र संघटनांनी भूतानच्या दक्षिणेकडच्या जंगलात मिळून ३० तळ ठोकले होते. भूताननं त्यांना निघून जा म्हणून कितीतरी वर्षं सांगून पाहिलं, बोलणी केली. ऐकेनात. शेवटी १५ डिसेंबर २००३ रोजी त्या एवढ्याशा देशाच्या सैन्यानं कारवाई सुरू केली. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः सैन्याबरोबर होते. तळ उठवले गेले, त्यात भूतानचे सैनिक कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ राजमाता आशी दोर्जी वांगमो वांगचुक यांनी हे १०८ चोर्तेन उभे केले.

म्हणजे आपल्या मुलखातून गेलेला उपद्रव निस्तरताना ज्या घरांतली मुलं गेली, त्यांच्या जोत्यावर उभं राहून आम्ही ‘चीज’ म्हटलं. द्रासच्या युद्धस्मारकावर कुणी परदेशी पाहुणा चढून बॅनर धरून उभा राहिला असता तर आपल्याकडे काय गहजब झाला असता, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ऑक्टोबर २०१९ मधली गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. याच दोचुल्यावर आपल्याच राज्यातला एक मोटरसायकलस्वार शिडी लावून थेट चोर्तेनच्या माथ्यावर उभा राहिला होता. तो फोटो भूतानभर फिरला, पोलिसांनी चौकशी केली, माफी मागून प्रकरण मिटलं. आपण सगळ्यांनी त्या माणसाला मनसोक्त शिव्या दिल्या. मीही दिल्या होत्या. तो माथ्यावर चढला, आम्ही जोत्यावर. फरक आहे, पण त्याला शिव्या देण्याइतका आहे का, याची मला आता खात्री उरलेली नाही.

माझा रोख ‘पॉईंट’ या शब्दावर आहे. हा शब्द आपल्याला महाबळेश्वर-माथेराननं दिला. केट्स पॉईंट, विल्सन पॉईंट, लुईझा पॉईंट. पॉईंट म्हणजे जिथून काहीतरी दिसतं ती जागा. तिला स्वतःचं काही नसतं. कठड्याला टेकायचं, कणीस खायचं, दरी बघायची, पुढच्या पॉईंटला निघायचं. महाबळेश्वरात त्यानं काही बिघडत नाही. पण तुमच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत मी मोजले: आठ दिवसांत सतरा ‘पॉईंट’. त्यात एक युद्धस्मारक, दोन जोंग (म्हणजे किल्ल्यासारखे मठ), पाच देवळं आणि एका राजाच्या स्मरणार्थ बांधलेला चोर्तेन. माणसं वाईट नव्हती हो आमच्या ग्रुपमधली. पंढरपूरला गेलं की नामदेव पायरीवर चुकूनही पाय न ठेवणारी माणसं होती. त्यांना पंचवीस मिनिटं आणि ‘पॉईंट’ एवढंच सांगितलं गेलं, तर ती पॉईंटवर जसं वागतात तशी वागली.

निघण्याआधी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बावीस सूचना पाठवल्या होत्या. आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आणा. दर माणशी दर रात्री १,२०० रुपये पर्यटन शुल्क भूतान सरकारला भरावं लागतं, ते पॅकेजमध्ये धरलं आहे. घड्याळ अर्धा तास पुढे करा. सीमेपासून थिंफूपर्यंतचा रस्ता वळणांचा आहे, उलटीची गोळी घ्या. सगळं बरोबर, सगळं उपयोगी. देवळांविषयी एकच ओळ होती: ‘मंदिरात शांतता राखावी.’

त्या बाराशे रुपयांचं मात्र नवल वाटलं. बसमध्ये ते इतक्यांदा निघाले, की जणू आम्ही ते भरून अख्ख्या देशाचं भाडं चुकतं केलं होतं. थिंफूच्या वरच्या डोंगरावर बुद्ध दोर्देन्माची ५१ मीटरहून उंच सोनेरी मूर्ती आहे, तिच्या पोटात देऊळ आहे आणि आत फोटोला बंदी आहे. तिथे आमच्यातले एक काका दारावरच्या माणसाला हिंदीत म्हणाले, “रोजचे बाराशे मोजतोय, आणि फोटोपण नाही काढायचा?” तो माणूस हसला.

हे हसणं तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकांना समजावून सांगा, एवढं एक जरी केलंत तरी पुष्कळ होईल. भूतानी माणूस तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. पुढ्यात वाढलेलंसुद्धा तो आधी तोंडापुढे हात धरून ‘मेशू मेशू’ म्हणत नाकारतो. दुसऱ्या-तिसऱ्या आग्रहाला घेतो. (आपल्या आज्या वेगळं काय करत होत्या?) आदरानं बोलताना वाक्याच्या शेवटी ‘ला’ लावतो: कुझुझांगपो ला, म्हणजे नमस्कार, कादिंचे ला, म्हणजे आभारी आहे. अशा माणसाचं हसू म्हणजे परवानगी नव्हे. बऱ्याचदा ते अवघडलेपण असतं. “नीचे से भी अच्छा आएगा” हे त्याचं ‘कृपा करून उतरा’ होतं. आम्ही ते फोटोग्राफीचा सल्ला म्हणून ऐकलं.

आता टोप्यांचं. सहलीच्या पहिल्या दिवशी तुम्ही प्रत्येकाला कंपनीचं नाव असलेली टोपी देता. आमच्या पिवळ्या होत्या, बॅनरला शोभेशा. जोंगमध्ये टोपी घालून जाता येत नाही. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, डोकं उघडं, छत्री मिटलेली. पुनाखा जोंगच्या लाकडी पुलापलीकडे पहारेकरी उभा होता आणि चौतीस माणसांना एकेक करून तो डोक्याकडे बोट न दाखवता, तळहात वर करून, टोपी काढायला सांगत होता. तीन जण थ्री-फोर्थमध्ये होते, दोघी बिनबाह्यांच्या कुर्त्यांत. बॅगा बसच्या पोटात, बस पार्किंगला, पार्किंग नदीपलीकडे. शेवटी गाइडनं ड्रायव्हरकडून कुणाकुणाची जाकिटं मागून आणली. त्यात सव्वा तास गेला आणि मग “जोंग भरभर बघा” झालं.

तेवढ्या वेळात तो मुलगा काय करत होता ते मी पाहिलं. त्यानं आपल्या पिशवीतून नीट घडी केलेलं पांढरं लांबलचक वस्त्र काढलं, डाव्या खांद्यावरून घोवर, म्हणजे त्यांच्या गुडघ्यापर्यंतच्या झग्यावर, चुणीदार बसवलं, गुडघ्यापर्यंतचे मोजे वर ओढले. ते काबने. जोंगमध्ये शिरताना प्रत्येक भूतानी पुरुषाला ते घ्यावंच लागतं. बाया खांद्यावर राचू घेतात. सामान्य माणसाचं काबने पांढरं, खासदाराचं निळं, मंत्र्याचं नारिंगी, राजे आणि मुख्य धर्मगुरू जे खेन्पो यांचं पिवळं. सोवळं नेसल्यासारखं त्यानं ते नेसलं, आणि मागे वळून पिवळ्या टोप्यांकडे बघितलं.

हे नियम सगळ्यांना सारखे गोड नव्हते, हेही लिहायला हवं. नाहीतर मी भूतानची जाहिरात करते आहे असं वाटेल. पोशाख आणि शिष्टाचाराच्या या संहितेला ते ड्रिगलाम नामझा म्हणतात, तिचं मूळ सतराव्या शतकात भूतान एकत्र आणणाऱ्या झाबद्रुंग नगावांग नामग्याल यांच्यापर्यंत नेतात. १९८९ मध्ये ती सक्तीची झाली तेव्हा दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा लोकांवर तिचा जाच झाला, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यापैकी एक लाखाच्या आसपास माणसं देश सोडून नेपाळमधल्या छावण्यांत गेली. भूतानी माणसाला हा विषय काढणं अवघड जातं, पाहुण्यानं जेवणाच्या टेबलावर तो काढूही नये. पण माहीत असावं. ‘जगातला सगळ्यात सुखी देश’ हे तुमच्या पत्रकावरचं वाक्य जरा जपून छापाल.

थिंफूच्या नॅशनल मेमोरियल चोर्तेनला प्रदक्षिणा घालायला सकाळपासून म्हातारी माणसं येतात. हातात माळ, ओठांवर ‘ओम मणि पद्मे हुम’, दुसऱ्या हातात फिरतं मणिचक्र, पाय दुखले की भिंतीशी बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, परत सुरू. १९७४ मध्ये तिसऱ्या राजांच्या स्मरणार्थ बांधलेला हा चोर्तेन. पण बघाल तर आपल्या कुठल्याही गावच्या मारुतीच्या देवळासमोरचा पारच. प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यासारखी, आपल्यासारखीच, उजवा खांदा देवाकडे. आम्हाला हे कुणी शिकवायची गरजच नव्हती. तरी आमच्यातल्या चार मुली रील काढत त्या प्रवाहाच्या उलट्या दिशेनं मध्येच घुसल्या, आणि एका आजीबाईंना थांबून, वळसा घेऊन पुढे जावं लागलं. टूर मॅनेजर त्या वेळी पुढच्या पॉईंटसाठी बस लावून घेत होता.

देवळात आपल्या लोकांना आपोआप जमतं असं कितीतरी आहे, ते तुम्ही सांगत का नाही? भिक्षू कलशातून ओंजळीत केशराचं पाणी देतात: उजव्या हाताच्या खोलगट तळव्यात घ्यायचं, घोटभर प्यायचं, उरलेलं डोक्यावरून फिरवायचं. अहो, हे तीर्थ! लोण्याच्या दिव्यावर फुंकर घालायची नाही. आपण निरांजनावर कधी घालतो? देवाकडे पाय करून बसायचं नाही, वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची-द्यायची, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. यातलं परकं असं काय आहे? चुकतं ते कधी कधी फार प्रेमानं चुकतं, हेही सांगते. पारोच्या एका देवळात आमच्यातल्या एका काकूंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि हिरव्या तारादेवीच्या जुन्या भित्तिचित्राला बोट टेकवलं. “देवी आहे ना?” त्यांचा भाव खोटा नव्हता. पण ते चित्र शेकडो वर्षं कुणाच्या हातानं मळलेलं नव्हतं. तिथला लहानगा भिक्षू धावत जाऊन कुणाला तरी बोलावून आला. नंतर काय झालं माहीत नाही. आमची वेळ संपली होती.

चिमी ल्हाखांगबद्दल लिहावं की नाही या विचारात होते. लिहितेच. पुनाख्याजवळ भाताच्या खाचरांमधून वीस मिनिटं चालत गेलं की हे छोटंसं देऊळ लागतं. द्रुक्पा कुन्ले हा पंधराव्या-सोळाव्या शतकातला अवलिया साधू. दारू, बायका, अश्लील गाणी यांतून धर्म सांगणारा, ढोंगी धर्ममार्तंडांची टर उडवणारा. आपल्या भारुडांनी त्याला ओळखलं असतं. त्यानं दोचुल्याच्या राक्षशिणीला वठणीवर आणलं आणि इथे गाडलं अशी कथा. त्याच्यामुळे या भागातल्या घरांच्या भिंतींवर लिंगाची मोठमोठी चित्रं असतात, दुकानांत लाकडी लिंगं टांगलेली असतात. नजर लागू नये, वंश वाढावा म्हणून.

बसमधून उतरायच्या आधीच माइकवरून विनोद सुरू झाले. कुठले ते लिहीत नाही, तुम्हाला पाठ असतील. दर ग्रुपला तेच असणार. गाइडला मराठी येत नाही या भरवशावर होते ते. भूतानात १९९९ साली टीव्ही आला आणि त्या पोरांची अख्खी पिढी हिंदी मालिकांवर वाढली. तुमचं मराठी त्याला सत्तर टक्के कळतं. देवळात गेलो तर समोर एक तरुण जोडपं गुडघ्यांवर बसलेलं. भूतानीच होतं. त्या बाईच्या डोक्याला भिक्षू लाकडी लिंग टेकवून आशीर्वाद देत होता, आणि ती रडत होती. मूल होत नाही म्हणून लोक इथे लांबून लांबून येतात. आमचे विनोदवीर दारातच थबकले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. शंकराच्या पिंडीवर रोज दूध घालणाऱ्या माणसांना हे एवढं परकं का वाटावं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

बाई म्हणून माझीही एक तक्रार आहे. रक्षक देवतांच्या खोलीला गोएनखांग म्हणतात, तिथे बायकांना जाऊ देत नाहीत. मी बाहेर बाकावर बसले. यजमान आत जाऊन आले आणि “काही विशेष नाही गं” म्हणाले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर २०१६ मध्ये बायका गेल्या तेव्हा मी शाळेत पेढे वाटले होते. पण तो चौथरा माझ्या घरातला होता. इथला वाद भूतानच्या बायकांचा आहे, आणि त्या गप्प बसलेल्या नाहीत: जून २०२२ मध्ये पारोला जे खेन्पोंनी शंभराहून अधिक स्त्रियांना पूर्ण भिक्षुणी दीक्षा दिली, आणि हिमालयातल्या या परंपरेत ती फार मोठी गोष्ट मानली गेली. मी पाहुणी. बाकावर बसायचं काम माझं.

आमच्या ग्रुपमध्ये नागपूरचं एक जोडपं होतं, दोघंही बौद्ध. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांना विचारलं, “तुमचेच देव ना हे?” त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “बुद्ध देव नाहीत, आणि हे दात विचकलेले मुखवटे आमच्याकडे नसतात.” बाबासाहेबांच्या धम्मात वाढलेल्या माणसाला वज्रयानातल्या, म्हणजे भूतानच्या तांत्रिक बौद्ध पंथातल्या, त्या उग्र देवता, ते तंत्रमंत्र कोड्यात टाकणारच. त्यांना त्यातलं बरंचसं मान्य नव्हतं, रात्री जेवताना ते तसं बोलूनही दाखवत. पण जोंगच्या दारात न सांगता टोपी काढणारे चौतिसात ते पहिले होते, आणि दोचुल्याला बॅनरच्या बाहेर उभे राहिलेले ते दोघंच. २०११ च्या जनगणनेत देशातल्या साधारण ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. भूतानला जाणाऱ्या बसमध्ये बुद्धाविषयी दोन शब्द सांगू शकेल असं माणूस तुम्हाला मिळत नाही, हे मला खरं वाटत नाही. बसमध्येच बसलेलं असतं कितीदा.

आता तक्त्सांग. तुमच्या भाषेत ‘टायगर नेस्ट पॉईंट’. ३,१२० मीटरवर कड्याला चिकटलेला मठ, गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले अशी श्रद्धा; १६९२ साली मठ बांधला, १९९८ मध्ये आगीत जळाला, पुन्हा तसाच उभा केला. चढ दमवणारा आहे. आमच्या ग्रुपमधल्या तीन तरुणांनी खिशात स्पीकर लावून गाणी वाजवत तो चढला. मठासमोरच्या कड्यावर पोचल्यावर सगळ्यांनी मिळून ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी आरोळी दिली. माझ्याही अंगावर शहारा आला. मी साताऱ्याची आहे. दरीनं ती तीनदा परत दिली. मग गाइडनं समोरच्या कड्यातली एक पांढरी ठिपक्याएवढी झोपडी दाखवली. तिथे कुणीतरी एकांतात साधनेला बसलेलं असतं, तीन वर्षं, तीन महिने, तीन दिवस, कुणाशी न बोलता. रायगडावर दिलेली आरोळी रायगडाची असते. इथली त्या माणसाच्या कानात गेली.

आणि आता मी काय केलं ते.

उतरताना वाटेच्या कडेला खडकाच्या कपारीत मातीचे छोटे छोटे स्तूप मांडून ठेवलेले दिसले. बोटभर उंचीचे, काही पांढरे, काही सोनेरी, शंभरेक तरी असतील. काही पावसानं विरघळायला आले होते. एवढ्यातून एक घेतला तर कुणाला कळणार आहे, असं मनात आलंसुद्धा नाही; इतकं ते सहज झालं. एक पांढरा उचलला, रुमालात गुंडाळला, घरी आणून शोकेसमध्ये कन्याकुमारीच्या शंखाशेजारी ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे.

दिवाळीत त्या गाइडला शुभेच्छांचा फोटो पाठवला, आमच्या दिवाणखान्यातला, पणत्या लावलेला. थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला: “मॅडम, पीछे वो सफेद वाला कहाँ से मिला?”

त्याला त्सा-त्सा म्हणतात. माणूस गेला की घरचे लोक त्याची रक्षा मातीत कालवून असे छोटे चोर्तेन साच्यातून काढतात, बहुतेकदा १०८, आणि कुणाचा पाय लागणार नाही अशा कोरड्या, उंच जागी नेऊन ठेवतात. डोंगराच्या उतारावर आम्ही ज्या उंच पांढऱ्या निशाणांच्या राईत उभं राहून फोटो काढले होते, त्या मणिधारसुद्धा गेलेल्या माणसासाठीच उभारलेल्या असतात. त्यानं एवढंच लिहिलं. रागावला नाही. शेवटी ‘ला’ होतंच.

माझ्या सासूबाईंच्या अस्थी आम्ही संगम माहुलीला विसर्जित केल्या. त्या वेळी घाटावर कुणी हौशी परदेशी बाई उभी असती आणि ‘किती गोड मडकं’ म्हणून तिनं ते उचलून नेलं असतं तर? सहा महिने मी कुणाच्या तरी आईला शंखाशेजारी ठेवलं होतं.

तुमच्या अडचणी मला कळतात. विमानाच्या वेळा, हॉटेलची बुकिंगं, साठीच्या पुढचे गुडघे. म्हणून फार मागत नाही. ‘पॉईंट’ हा शब्द भूतानच्या पत्रिकेतून काढा. दोचुल्याला तास द्या, आणि बस घाट चढत असताना अंताक्षरी थांबवून दहा मिनिटं गाइडला माइक द्या. त्याला सगळं सांगता येतं, त्याला कुणी विचारत नाही. कपड्यांची सूचना बॅग भरण्याआधी पाठवा, पुलावर नको. टोप्यांचे पैसे वाचवून प्रत्येकाला एक साधी शाल द्या. जोंगमध्ये खांदे झाकायला आणि बसमध्ये थंडीला. बॅनर हॉटेलच्या आवारात लावा, फोटो तिथेही छान येतो. आणि कुठलीही छोटी, सुंदर, बेवारशी दिसणारी वस्तू उचलू नका, हे एक वाक्य बावीस सूचनांत पहिलं घाला.

शेवटची विनंती व्यक्तिगत आहे. तो त्सा-त्सा मी शोकेसमधून काढला, स्वच्छ पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून एका डब्यात घातला आणि देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. माझे गुडघे आता तक्त्सांग चढू देणार नाहीत. गाइडशी बोलले आहे. पारोला कुणी आणून दिला तर तो वर नेऊन त्याच कपारीत ठेवेल. ऑक्टोबरात तुमच्यापैकी कुणाचा ग्रुप निघत असेल तर कळवा. पुण्याच्या विमानतळावर मी स्वतः डबा घेऊन येईन. हातातल्या सामानात ठेवायला सांगा, आणि बसमध्ये पायाशी नको. वरच्या कप्प्यात ठेवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सातारा